पत्ते आहेत, डाव मांडलेला नाही

इटालो काल्विनोने टॅरोच्या पत्त्यांवर अख्खी कादंबरी रचली. 1973 साली आलेलं हे पुस्तक इंग्रजीत ‘द कॅसल ऑफ क्रॉस्ड डेस्टिनीज’ म्हणून ओळखलं जातं. जंगलातून येताना वाचा गेलेले प्रवासी मेजावर पत्ते मांडत आपापली कहाणी सांगतात. एकाने मांडलेली ओळ दुसऱ्याच्या ओळीला छेदते आणि तोच पत्ता तिथे वेगळंच बोलू लागतो. भविष्यकथनाशी काल्विनोला फारसं देणंघेणं नाही, त्याला हवी आहे ती ही छेदाछेदी.

दोनच वर्षांनी मराठीत जी. ए. कुलकर्णींची ‘रमलखुणा’ आणि ‘सांजशकुन’ आली. बेळगावात शिकलेल्या आणि धारवाडात इंग्रजी शिकवणाऱ्या जीएंना शकुनांची ओढ शीर्षकांपासूनच होती. ‘रमलखुणा’तल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोन्ही दीर्घकथांना ओळखीचा देशकाल नाही. त्यांतली माणसं टॅरोच्या संचातून उठून आल्यासारखी वाटतात. पण जीएंकडे पत्ता एकदा पडला की पडला. तो पुन्हा पिसता येत नाही. दृष्टी अफाट, रचना मात्र सरळ पुढे जाणारी. त्यांच्यामागून आलेल्या अनेकांनी नेमका त्यांचा काळोख उचलला. रचनेचं कोडं कुणी हाती घेतलं नाही. त्या मानाने यमकनमर्डीच्या कमल देसाई ‘काळा सूर्य’मध्ये आकाराशी जास्त धीटपणे भिडतात, असं मला वाटतं.

निपाणीचं गद्य तर वेगळ्याच वाटेने गेलं. पिठाची गिरणी चालवत लिहिणाऱ्या महादेव मोरेंना विडी वळणाऱ्या बायका आणि गॅरेजातली पोरं समोर दिसत होती. त्यांना असले खेळ कशाला हवेत? रास्तच आहे. तरीही वास्तव आणि प्रयोग यांची सोयरीक जमूच शकत नाही, हे मला पटत नाही.

सामग्री तर हाताशी आहे. बेळगावकडून आंबोली घाट उतरला की सावंतवाडी. तिथली दशावतारी गंजिफा म्हणजे लाखेचा लेप दिलेले गोल पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, एकूण 120. दिवसा खेळ रामापासून सुरू होतो, रात्री कृष्णापासून. निम्म्या रंगांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी, उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. प्रकरणांचा क्रम दिवस-रात्रीवर फिरवणारी आणि लहानमोठं उलटंपालटं करणारी कादंबरी या नियमांत तयार बसली आहे.

आणि बेळगावात तर 1 नोव्हेंबर ही तारीखच असा पत्ता आहे. 1956 पासूनचा एकच दिवस कन्नड बोलणाऱ्याला राज्योत्सव, मराठी बोलणाऱ्याला काळा दिन. जिथे तोंड उघडताच माणसाची बाजू ठरते, तिथे काल्विनोच्या मुक्या प्रवाशांची युक्ती नुसती गंमत राहणार नाही. मराठी आणि कन्नड बोलणारे दोन शेजारी न बोलता एकाच पटावर पत्ते मांडताहेत, अशी कादंबरी लिहायला जीएंची नियती कामाची नाही. मोरेंचा कान मात्र लागेल.