80 टक्के, पण कशाचे? शैवालापासून इथेनॉलचा पेपर वाचताना

कळंबला समुद्र नाही, मांजरा नदी आहे. 2016 च्या दुष्काळात याच नदीवरचं धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आमच्याकडे इथेनॉल म्हणजे ऊस, आणि ऊस म्हणजे पाणी. म्हणून गोडं पाणी न लागणाऱ्या समुद्री शैवालापासून इथेनॉल, असं वाचलं की आपण लगेच हरखतो. पेपर नीट वाचायची गरज असते ती नेमकी अशा वेळी.

वारगॅकी आणि सहकाऱ्यांचा 2012 चा 'सायन्स'मधला पेपर घ्या. तपकिरी शैवालात अल्जिनेट हे पॉलिसॅकराइड भरपूर असतं. नेहमीचं यीस्ट ते खाऊ शकत नाही. काही समुद्री जीवाणू मात्र अल्जिनेट लायेज या एन्झाइमने त्याची साखळी तोडतात. पाणी न वापरता बंध तुटतो आणि टोकाला दुहेरी बंध तयार होतो. म्हणूनच ही क्रिया लॅबमध्ये 235 नॅनोमीटरवर मोजता येते.

लेखकांनी व्हिब्रिओ स्प्लेन्डिडसमधला सुमारे 36 हजार बेस जोड्यांचा डीएनए तुकडा ई. कोलायमध्ये घातला आणि लायेज पेशीबाहेर सोडण्याची सोयही केली. हे काम खरंच भक्कम आहे. निकाल असा: एक ग्रॅम कोरड्या शैवालामागे 0.281 ग्रॅम इथेनॉल, म्हणजे सैद्धांतिक कमाल उत्पादनाच्या सुमारे 80 टक्के.

आता दोन प्रश्न विचारा.

पहिला, छेदात काय आहे? कोरडं शैवाल. समुद्रातून निघतं ते ओलं, बहुतांश पाणीच. वाळवण्याचा खर्च या आकड्यात दिसत नाही.

दुसरा, शैवाल कोणतं? कोंबू. त्यात मॅनिटॉल चांगलं असतं. मॅनिटॉलपासून इथेनॉल होताना इलेक्ट्रॉन उरतात, अल्जिनेटपासून होताना कमी पडतात. एकाची शिल्लक दुसऱ्याची तूट भरते. कोकण किनाऱ्यावरच्या सरगॅसममध्ये हे प्रमाण वेगळं असतं, ऋतूप्रमाणेही बदलतं. मग हिशोब जुळेलच असं नाही. शिवाय फ्युकॉइडन उरतंच. 2020 च्या एका अभ्यासात लेन्टिमोनास हा जीवाणू ते पचवायला सुमारे 100 एन्झाइम वापरतो असं दिसलं.

पेपर चुकीचा नाही. तो एका शैवालाबद्दल बोलतो, आपण सगळ्यांबद्दल ऐकतो. तुमच्या प्रस्तावात '80 टक्के' लिहिण्याआधी, त्याच ओळीत 'कशाचे' आणि 'कोणत्या शैवालात' हेही लिहा. ते लिहिता येत नसेल, तर पेपर अजून वाचून झालेला नाही.