धृष्टता उघडा, नफा वाढवा

पुस्तकाचं परीक्षण म्हटलं की आधी लेखक, मग प्रकाशक, मग किंमत आणि शेवटी 'मुखपृष्ठ समर्पक' असं लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. आज ज्या पुस्तकाबद्दल लिहितोय त्याला लेखकही नाही, प्रकाशकही नाही आणि किंमतही नाही. मुखपृष्ठावर एका कानाचं चित्र आहे. पण त्या कानात भिकबाळी का, ते कळत नाही, म्हणून समर्पक म्हणवत नाही.

पुस्तक म्हणजे 'ऑडॅसिटी' या सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेचं मराठी भाषांतर. 62 पानं, स्पायरल बाइंडिंग. भाषांतर कुणी केलं ते इथे सांगत नाही. एकाच गावात राहायचं आहे.

ऑडॅसिटी म्हणजे काय, हे माझ्यासारख्या बी.कॉम. माणसाला समजेल अशा भाषेत सांगतो. संगणकावर आवाज मुद्रित करायचा, चुकलेला भाग कापायचा, हवा तो जोडायचा, यासाठीचा हा कार्यक्रम. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात 1999 साली डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी तो सुरू केला, 2000 साली लोकांसाठी खुला केला, आणि तो फुकट आहे. फुकट असूनही चांगला आहे, हे आमच्या शाखेतल्या लोकांना अजून पटलेलं नाही.

आमच्या भागातली काही निवृत्त मंडळी अंध विद्यार्थ्यांसाठी शाळेची पुस्तकं वाचून मुद्रित करतात. त्यांच्यासाठी ही पुस्तिका. ती माझ्याकडे का आली? तर 'तुम्ही बँकेत आहात, तपासायची सवय असेल.' याआधी एका भाषापंडित गृहस्थांनी तिचं मुद्रितशोधन केलेलं होतंच. आता फक्त नजर फिरवायची, असं मला सांगण्यात आलं. बँकेत 'फक्त नजर फिरवा' असं म्हणून पुढे केलेल्या कागदावर मी कधीच सही करत नाही.

पहिल्या पानावर पहिलं वाक्य: 'प्रथम धृष्टता उघडा.'

ऑडॅसिटी या इंग्रजी शब्दाचा अर्थ धृष्टता होतो, हे मान्य. पण म्हणून कार्यक्रमाच्या नावाचं भाषांतर? उद्या कुणी आमच्या सदाशिवरावांना 'सदैव मंगल' म्हणून हाक मारली तर ते ओ देतील का? बरं, बाईंनी (या मंडळींतल्या सगळ्यात उत्साही; मराठी शाळेत एकोणतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या) संगणकावर धृष्टता शोधली. त्यांना ती सापडली नाही.

पुढे मात्र पुस्तिका माझ्या प्रांतात शिरते. 'आवाज कमी असल्यास नफा वाढवा.' मी चमकलो. चोवीस वर्षं हाच सल्ला वरून येतोय, पण तो आवाज वाढवून येतो. मूळ शब्द 'गेन'. आवाजाच्या व्यवहारात गेन म्हणजे आलेला आवाज किती पटीनं मोठा करायचा ते. त्याच पानावर 'नमुन्याचा दर 44,100 ठेवावा.' बाईंनी विचारलं, "अहो, एवढा दर आपल्याला परवडेल का?" त्यात रुपयांचा संबंध नाही. दर सेकंदाला आवाजाची 44,100 मापं घेतली जातात, एवढाच अर्थ. माणसाच्या कानाला फार तर वीस हजार कंपनांपर्यंत ऐकू येतं. ते पकडायला दुपटीहून थोडी जास्त मापं लागतात. हे एका वाक्यात लिहिता आलं असतं. लिहिलेलं नाही. त्याऐवजी 'कात्रण झाल्यास पुन्हा मुद्रण करावे' असं आहे. मूळ शब्द 'क्लिपिंग'. आता गणपतीच्या मांडवात लाऊडस्पीकर लावणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा. तो सांगेल, 'आवाज फाटतोय.' इतका नेमका शब्द रस्त्यावर उभा असताना भाषांतरकार वर्तमानपत्राची कात्रणं गोळा करत बसले.

इथवर हसून सोडून दिलं असतं. पुढची गोष्ट हसण्यासारखी नाही.

आवाजाच्या हिशेबात शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा असते. त्याच्या वर गेलात की आवाज फाटला. म्हणून सगळे चांगले आकडे उणे असतात: बोलण्याचा मोठ्यात मोठा आवाज उणे 6 च्या आसपास, आणि खोलीतली पार्श्वभूमीची खरखर उणे 60 च्या खाली. म्हणजे ज्याचं खातं उणे तो सुखी, अशी ही उलटी बँक. आमच्या पंडितांनी मुद्रितशोधनात काय केलं? आकड्यामागची आडवी रेघ अनावश्यक संयोगचिन्ह समजून सगळीकडून खोडली. आता पुस्तिकेत 'आवाज 6 वर ठेवावा' आणि 'खरखर 60 असावी' असं वाचायला मिळतं. आमच्याकडे एक उणे चिन्ह उडालं तर ऑडिटर जेवायला थांबतो. इथे कुणाला पत्ता नाही. साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांप्रमाणे सगळ्या वेलांट्या मात्र जागच्या जागी आहेत.

मग 'उलट करा'. इंग्रजीत 'अनडू' वेगळं आणि 'रिव्हर्स' वेगळं. पहिल्यानं आपण केलेली शेवटची कृती रद्द होते. दुसऱ्यानं निवडलेला आवाज शेवटाकडून सुरुवातीकडे वाजतो. पुस्तिकेत दोन्हीला 'उलट करा'. बाईंना दहावीच्या भूगोलाच्या पाठात केलेला एक बदल रद्द करायचा होता. त्यांनी 'उलट' केलं. संबंध पाठ उलटा वाजला, तेव्हा घरातली मोलकरीण देवघरापाशी जाऊन उभी राहिली.

आणि 'जतन करा'. हे सगळ्यात महाग. ऑडॅसिटीत 'सेव्ह' केलं की तिची स्वतःची कामाची फाइल तयार होते. ती ऑडॅसिटीशिवाय कुणाला वाजवता येत नाही. ऐकणाऱ्याला पाठवायची तर 'एक्सपोर्ट' करून एमपीथ्री बनवावी लागते. भाषांतरात दोन्ही ठिकाणी 'जतन करा'. परिणाम असा की एका आजोबांनी इतिहासाचे चार धडे घसा कोरडा करून वाचले, जतन केले, पाठवले. मुलाच्या फोनवर एकही उघडला नाही. परीक्षा सहा दिवसांवर होती. पोरगं काय म्हणालं? "आजोबा, तुम्ही फोनवरच वाचून दाखवा." त्यांनी दाखवले. चारही.

मी भाषापंडितांकडे गेलो. म्हणालो, "सर, वाक्य शुद्ध आहे, पण खरं नाही."

"खरं-खोटं माझ्याकडे नव्हतं," ते म्हणाले. "माझ्याकडे ऱ्हस्व-दीर्घ होतं."

यावर काय बोलणार? आमच्याही शाखेत खिडक्या वेगळ्या असतात.

शेवटी बाईंना संगणकासमोर बसवलं आणि मी शेजारी बसून पुस्तिका मोठ्यानं वाचू लागलो. त्यांचा हात जिथे थांबेल तिथे पेन्सिलची खूण. बासष्ट पानांत एकशे अठरा खुणा. त्यातल्या निम्म्याहून अधिक एकाच कारणानं: पडद्यावर इंग्रजीत 'इफेक्ट' आणि कागदावर 'परिणाम'. जे बटण पडद्यावर दिसतं त्याचं नाव कागदावरही तेच हवं. हवं तर पुढे मराठीत समजावून सांगा. खरखर काढायची कृतीही अशीच सुधारली. तिच्यात तीच खिडकी दोनदा उघडावी लागते: आधी नुसत्या पंख्याचा आवाज असलेले दोन-चार सेकंद निवडून त्याचा नमुना द्यायचा, मग सगळा पाठ निवडून पुन्हा तिथेच जायचं. पुस्तिकेत लिहिलं होतं, 'गोंगाटाशी ओळख करून घ्या.' बाई म्हणाल्या, "एकोणतीस वर्षं आहे की ओळख."

भाषांतरकारावर अन्याय नको. 'थ्रेशोल्ड'ला त्यांनी 'उंबरठा' म्हटलंय, आणि तो शब्द मी हात न लावता ठेवला. आवाजानं उंबरठा ओलांडला की त्याला खाली दाबायचं. बाईंना एका वाचनात समजलं. त्या पुढचे 'हल्ला' आणि 'सुटका' मात्र काढले. दाबायला किती वेळानं लागायचं आणि किती वेळानं सोडायचं, एवढंच तिथे सांगायचं होतं, पण वाचताना पोलीस आल्यासारखं वाटत होतं.

दुरुस्त प्रत मार्चमध्ये झेरॉक्सला गेली. एक शब्द अजून तसाच आहे. आवाजाचा चढउतार हातानं आखायचं जे 'एन्व्हलप' असतं, त्याला पान 41 वर 'पाकीट' म्हटलंय. बाईंना 'लिफाफा' हवाय, मला नुसतं 'चढउतार'. तोवर पाकीटच छापलं जातंय. ती प्रत मी बँकेत मात्र नेत नाही. तिथे हा शब्द मोठ्यानं वाचला की साहेब केबिनचं दार लावून घेतात.