‘नाहम’ : सांत्वन कोणाचं, पस्तावा कोणाचा?

(मानोरा येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

आज आपण एकच हिब्रू शब्द घेऊ. ‘नाहम’. या धातूच्या एका रूपाचा अर्थ दुसऱ्याचं सांत्वन करणं. दुसऱ्या रूपाचा अर्थ कधी पस्तावणं, कधी ठरवलेलं मागे घेणं, तर कधी स्वतःचं दुःख निवणं. यशयाचा चाळिसावा अध्याय याच शब्दाने सुरू होतो, तोही दोनदा उच्चारून. तिथे सांत्वन आहे. योनाच्या गोष्टीत देव निनवे शहरावरचं संकट मागे घेतो, तिथेही हाच धातू.

आता, प्रवचनांतून एक सोपं उत्तर ऐकू येतं : मूळ अर्थ ‘खोल श्वास सोडणे’, म्हणून दोन्ही अर्थ एकच. आम्हांला हे पटत नाही. शब्दाचा अर्थ मुळात नव्हे, वाक्यात शोधायचा, हे जेम्स बार यांनी १९६१ सालीच बजावलं होतं. आपलंच बघा ना. शंकेचं समाधान वेगळं, मनाचं समाधान वेगळं. कुठलं ते वाक्यच सांगतं. तेव्हा वाक्यांकडेच जाऊ.

उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात लामेख मुलाचं नाव नोहा ठेवतो. का? तर शापलेल्या जमिनीत आपले हात राबतात, त्या कामात, त्या कष्टांत हा आपलं सांत्वन करील म्हणून. सोयाबीन-तुरीच्या मुलखात हे समजावून सांगायला नको. पुढच्याच अध्यायात, माणूस घडवल्याचा देवाला पस्तावा होतो आणि तो मनातून दुखावतो. मूळ हिब्रूत सांत्वन, काम, कष्ट या तिघांचे धातू त्याच क्रमाने परत येतात : पस्तावला, घडवलं, दुखावला. हा योगायोग नव्हे. सांत्वन मागतो तो राबणारा. पस्तावतो तो, ज्याच्या हातात घडवणं-मोडणं आहे.

मराठीत मात्र एकीकडे ‘सांत्वन’ येतं, दुसरीकडे ‘अनुताप’, आणि धागा तुटतो. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं संपूर्ण बायबल १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं. म्हणजे मूळ भाषेशी झुंजण्याची परंपरा आपल्याकडे आहे. दोन्ही अर्थ पेलणारा एकच शब्द मराठीत नाही, हे मान्य. पण मग तळटीप तरी हवी.

खरी अडचण इयोबाच्या ग्रंथात होते. सगळं गमावलेल्या इयोबाचं सांत्वन करायला मित्र येतात. सात दिवस, सात रात्री जमिनीवर बसतात, कोणी चकार शब्द काढत नाही. तिथवर ठीक होतं. मग तोंड उघडतात आणि सुचवतात, तुझंच काहीतरी चुकलं असेल. अखेरीस इयोब स्वतः हाच धातू वापरतो, आणि बहुतेक भाषांतरं त्याला पश्चात्ताप करायला लावतात. आमचा आक्षेप इथे आहे. ग्रंथ पहिल्याच ओळीत त्याला निर्दोष म्हणतो, देवाचा रागही शेवटी मित्रांवरच होतो. ‘या धुळीत-राखेत माझं मन निवलं’ असंही ते वाक्य वाचता येतं, आणि काही अभ्यासक तसं वाचतात. नाहीतर मित्रांचाच आरोप भाषांतरकार पुढे चालवतो.

हे नुसतं व्याकरणाचं भांडण नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात आपला वाशीम होता. शेतकऱ्याने जीव दिला की सांत्वनपर भेटी होतात, फोटो निघतात. आणि पारावर कुजबुज सुरू होते : लग्नात उधळलं असेल, दारू पीत असेल. म्हणजे पस्तावा मेलेल्याच्या माथी, आणि ज्यांच्या हातात भाव, पाणी, कर्ज आहे त्यांच्याकडे फक्त सांत्वनाचे शब्द. ‘नाहम’ नेमका उलटा फिरवलेला!

इयोबाच्या ग्रंथाच्या शेवटी हा शब्द आणखी एकदा येतो. भाऊ-बहिणी, ओळखीपाळखीचे येतात, त्याच्या घरी त्याच्याबरोबर जेवतात, त्याचं सांत्वन करतात, आणि प्रत्येक जण एकेक नाणं आणि सोन्याची कडी देऊन जातो. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आपल्याकडेही शेजारी भाकर घेऊन जातात. ते सांत्वन आपल्याला येतं. पस्तावा ज्यांचा आहे, त्यांच्याकडे तो मागायला मात्र आपण अजून शिकलो नाही.