मराठी कादंबरीतील ‘वर्ग’

मराठी कथावाङ्मयात शाळा पुष्कळ आढळते. वर्ग मात्र क्वचित आढळतो. हे विधान प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. म्हणून त्याचा अर्थ आरंभीच स्पष्ट केलेला बरा. शाळा म्हणजे इमारत, घंटा, मुख्याध्यापकांची खोली, शिस्त आणि ज्यांच्या आठवणीने प्रौढ माणसाचा कंठ दाटून येतो असे एखादे मास्तर. वर्ग ही वस्तू निराळी आहे. चाळीस-पन्नास मुलामुलींचा, एका छपराखाली वर्षभर नांदणारा तो एक समाज असतो. त्याचे पुढारी असतात, विदूषक असतात, वाळीत टाकलेले असतात. त्याचे कायदे कोठे लिहिलेले नसतात, पण ते मोडणाऱ्याला क्षमा नसते. त्याची स्वतःची एक भाषाही असते. आम्हां शिक्षकांना या समाजाची फक्त दर्शनी बाजू दिसते. शिक्षक फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना त्याच्या पाठीमागे जे घडते, तेच खरे वर्गाचे जीवन होय.

मराठी लेखकाला हे पाठीमागचे जीवन केव्हा दिसले, आणि ते दिसण्यासाठी त्याला काय सोडावे लागले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. माझे उत्तर थोडक्यात असे : शिक्षकाची जागा सोडल्याखेरीज लेखकाला वर्ग दिसत नाही; आणि शिक्षकाची भाषा सोडल्याखेरीज त्याला तो लिहिता येत नाही. यांपैकी पहिली गोष्ट मराठीत घडली आहे. दुसरी अर्धीमुर्धी घडली आहे.

साने गुरुजींपासून आरंभ करणे न्याय्य होईल. 1924 ते 1930 या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयातील मुलांसाठी त्यांनी हाताने लिहून काढलेले ‘छात्रालय दैनिक’ प्रसिद्धच आहे. विद्यार्थ्यांवर इतके निरपेक्ष प्रेम करणारा लेखक मराठीत दुसरा सांगता येणार नाही. परंतु प्रेम आणि निरीक्षण या दोन भिन्न वृत्ती आहेत. ‘धडपडणारी मुले’ या नावातच एक आशीर्वाद आहे. तेथील मुले कशी आहेत यापेक्षा ती कशी व्हावीत, याकडे लेखकाचे लक्ष अधिक आहे. ध्येयाच्या उजेडात मुलांचे चेहरे उजळून निघतात हे खरे. पण त्याच उजेडात त्यांच्या बारीकसारीक खोड्या, मत्सर, भित्रेपणा आणि स्वार्थ पुसट होतात. शिक्षकाची जागा गुरुजींनी सोडली नाही. ती सोडणे त्यांच्या स्वभावातच नव्हते.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) तरुण मास्तर हाच निवेदक आहे. तेथे करुणेला आवर आहे, निरीक्षण अचूक आहे. मात्र या मास्तराची दृष्टी शाळेच्या दारातून बाहेर, मेंढरांकडे, कारभाऱ्याकडे आणि दुष्काळाकडे लागलेली आहे. शाळा हा त्या गावात शिरण्याचा दरवाजा आहे. दरवाजातून आत आल्यावर दरवाजाकडे कोण पाहतो? पु. ल. देशपांड्यांचे चितळे मास्तर ‘व्यक्ती आणि वल्ली’तून (1962) घरोघर पोचले. तेथे वर्ग आहे, त्याचा गलकाही ऐकू येतो. पण तो मास्तरांच्या व्यक्तिचित्राची पार्श्वभूमी म्हणून. कृतज्ञ विद्यार्थी मोठा झाल्यावर मागे वळून पाहतो, तेव्हा त्याला प्रथम मास्तर दिसतात आणि नंतर, जमल्यास, शेजारच्या बाकावरचा मुलगा दिसतो. या तिन्ही कृतींना उणेपणा आणण्याचा येथे हेतू नाही. त्यांचा विषय वर्ग नव्हता, एवढेच सांगावयाचे आहे.

तो विषय खऱ्या अर्थाने मध्यभागी आला तो मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ या कादंबरीत. ही कादंबरी 2004 साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यावरून पुढे चित्रपटही निघाला. कथानकाचा काळ आणीबाणीचा आहे. निवेदक मुकुंद जोशी नवव्या इयत्तेत आहे. इयत्तेची ही निवड सहज झालेली नसावी. आठवीत बालपण पुरते सुटलेले नसते, आणि दहावीच्या डोक्यावर परीक्षेची टांगती तलवार असते. नववी हे मधले, कोणाच्याच हिशेबात नसलेले वर्ष आहे. शिक्षक त्याला फारसे महत्त्व देत नाहीत, पालक देत नाहीत. आणि म्हणूनच मुले त्या वर्षात स्वतःच्या मर्जीने जगून घेतात. अध्यापनाचा अनुभव असलेल्या वाचकाला ही खूण तत्काळ पटेल.

या कादंबरीतील एका साध्या गोष्टीकडे मी लक्ष वेधू इच्छितो. जिच्याविषयी मुकुंदाच्या मनात अनुराग उत्पन्न होतो, त्या मुलीला तो सर्वत्र ‘शिरोडकर’ म्हणतो. आडनाव हे हजेरीपटावरचे नाव आहे. घरातले नाव उच्चारण्याचा अधिकार अजून मिळालेला नाही, तो मागण्याचे धैर्यही नाही. तेव्हा हे कोवळे प्रेम हजेरीपटाच्या आडोशाला उभे राहते. याउलट मित्र मित्राला ‘फावड्या’ म्हणतो, ‘सुऱ्या’ म्हणतो. म्हणजे मुलींची नावे शाळेने दिलेली आणि मित्रांची नावे वर्गाने दिलेली. लेखक यावर भाष्य करीत नाही. पण वर्गातील मुलामुलींमधले अंतर किती हाताचे असते, हे या दोन प्रकारच्या नामकरणांतून जितके कळते तितके वर्णनाच्या दहा पानांतूनही कळले नसते.

तसेच त्या अपुऱ्या इमारतीचे. मुकुंदाची टोळी ज्या अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमते, ती या वर्गाची चावडी आहे. वर्गाचे खरे निर्णय वर्गात होत नाहीत, हे सत्य बोकिलांनी ओळखले आहे. आणीबाणीचा उपयोगही त्यांनी संयमाने केला आहे. देशात तोंडे बंद झाली आहेत आणि वर्गात तर ‘गप्प बसा’ हा नित्याचाच मंत्र आहे; या दोहोंची सांगड घालून रूपक उभे करण्याचा मोह एखाद्या लेखकाला आवरला नसता. येथे मोठ्यांचे राजकारण मुलाच्या कानावर जेवढे पडते तेवढेच वाचकाच्या कानावर पडते. वर्षअखेरीस शिरोडकर गाव सोडून जाते, टोळी विसकटते, आणि वर्ग नावाचा समाज नाहीसा होतो. दरवर्षी एप्रिलात असे किती समाज बुडतात आणि आम्ही निकालपत्रकावर सह्या करीत असतो!

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. निवेदन मुकुंदाचे असल्यामुळे वर्गातील मुली आपल्याला केवळ मुलांच्या नजरेने दिसतात. शिरोडकरच्या मनाचे दार कादंबरीभर लोटलेलेच राहते. अर्ध्या वर्गाला स्वतःचा आवाज नाही. निवेदनपद्धतीने हे अपरिहार्य केले असे म्हणता येईल. तथापि त्यामुळे ती उणीव भरून निघत नाही. त्याच वर्गाची मुलीने सांगितलेली तेवढ्याच तोलाची कादंबरी माझ्या वाचनात नाही.

आता मी ज्या ठिकाणी ही कादंबरी वाचतो त्या ठिकाणाविषयी लिहिणे भाग आहे. कारण भाषेचा जो प्रश्न मी आरंभी काढला, तो मला येथेच सुचला. पांढुर्णा आणि सौंसर हा मराठी मुलूख 1956 पर्यंत ज्या मध्यप्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती आणि त्याच्या राजभाषा हिंदी व मराठी अशा दोन होत्या. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही छिंदवाडा जिल्ह्याबरोबर नव्या मध्यप्रदेशात राहिलो. 2023 साली पांढुर्णा हा सौंसरसह स्वतंत्र जिल्हा झाला. नागपूर-इटारसी लोहमार्गावरून जाणाऱ्या प्रवाशाला येथे काही सीमा ओलांडल्याचे जाणवतही नाही. संत्र्याच्या बागा तशाच, पोळा तसाच, घरातले बोलणे तसेच. सीमा जाणवते ती वर्गात शिरल्यावर.

येथील नववीच्या वर्गात बागाईतदाराचा मुलगा असतो आणि त्याच्याच बागेत संत्री तोडणाऱ्या मजुराचा मुलगाही असतो. डोंगराकडच्या गावातून आलेला गोंड मुलगा असतो. रेल्वेतील नोकरीमुळे दूरच्या प्रांतातून आलेल्या बापाची मुलगी असते. घरात ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ असे बोलणारा मुलगा घंटा झाली की हिंदीत उत्तरे देऊ लागतो. आणि ज्या थोड्या मुलांनी मराठी विषय घेतलेला असतो, त्यांना त्या तासाला तिसरीच एक भाषा वापरावी लागते. ती भाषा ‘मला’, ‘तुला’, ‘कशासाठी’ म्हणते. तिला आम्ही त्याची मातृभाषा म्हणतो. त्याच्या मातेने ती कधी उच्चारलेली नसते.

या मुलाच्या हाती ‘शाळा’ दिली तर त्याला ती आवडते. मी दिली आहे आणि ती आवडल्याचे पाहिले आहे. सुऱ्या त्याला ओळखीचा वाटतो. पण वाचून झाल्यावर तो जे बोलतो त्यात एक अंतर असते. मुकुंदाचे मन आणि मुकुंदाचा फळा एकाच भाषेत बोलतात, हे सुख या मुलाला ठाऊक नाही. त्याला जवळचा वाटावा तो प्रकाश नारायण संतांचा लंपन. ‘वनवास’ (1994), ‘शारदा संगीत’ (1997) आणि पुढील संग्रहांतून भेटणारा हा मुलगा आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांजवळ, कर्नाटकाच्या सीमेवरील गावात वाढतो. त्या परिसराच्या मराठीला कानडीचा जो वास आहे तो संतांनी धुऊन काढला नाही. भाषा शुद्ध केली असती तर लंपन उरला नसता, हे त्यांनी जाणले. मात्र लंपनच्या दोन भाषांत शेजार आहे. आमच्या मुलाच्या तीन भाषांत पायऱ्या आहेत. खालच्या पायरीवर घरची बोली, आणि वर चढावे तसतसे स्वतःचे बोलणे कमी होत जाते. हा अनुभव मराठी कथेत अद्याप यावयाचा आहे.

तो कोणी लिहावयास घेतला, तर दोन धोके संभवतात. पहिला अनुकरणाचा. पुण्या-मुंबईकडच्या मुलांची टवाळ भाषा उसनी आणून पांढुर्ण्याच्या मुलांच्या तोंडी घातली की पुस्तक वाचनीय होईल, पण ते येथले होणार नाही. दुसरा धोका अधिक मोहक आहे. पांढुर्णा म्हटले की बाहेरच्या माणसाला एकच गोष्ट ठाऊक असते : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात रोवलेले पळसाचे झाड, त्यावरचा झेंडा, आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरून होणारी गोटमार. तीत माणसे जखमी होतात, मेलीही आहेत. कादंबरीकाराला याहून नाट्यपूर्ण प्रसंग कोणता हवा? परंतु वर्गाच्या कादंबरीचा प्रसंग तो नव्हेच. तिचा प्रसंग आहे शाळा पुन्हा भरते तो दिवस. ज्या दोन काठांनी एकमेकांवर दगड उचलले, त्या दोन्ही काठांची मुले एका बाकावर बसलेली असतात. एकाच्या कपाळाला पट्टी असते. दुसरा त्याला गणिताची वही देतो. आणि शिक्षक हजेरी घेतो. नदीच्या पात्रात जे दिसते ते सारे जग पाहू शकते. हे पाहण्यासाठी त्या बाकावर बसावे लागते.

आपल्या अकादमीच्या सभासदांत शिक्षक बहुसंख्य आहेत. म्हणून एक गोष्ट कबूल करून हा लेख संपवितो. काही वर्षांपूर्वी एका मुलाने ‘माझा वर्ग’ या विषयावर निबंध लिहिला होता. संत्र्याच्या तोडणीसाठी पंधरा दिवस गैरहजर राहून तो परत आला, तेव्हा त्याची जागा दुसऱ्याने घेतली होती आणि त्याला कोणी काही विचारले नव्हते, एवढाच मजकूर. पण तो त्याने घरच्या बोलीत लिहिला होता. मी लाल शाईने प्रत्येक ‘मले’चा ‘मला’ केला, वाक्ये सरळ केली, आणि निबंध पुन्हा लिहून आणावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याने आणला. त्यात वर्ग हवेशीर होता, भिंतींवर थोर पुरुषांच्या तसबिरी होत्या, सर्व मुले गुण्यागोविंदाने राहत होती. एकही चूक नव्हती. मी त्याला दहापैकी आठ गुण दिले.

पहिला निबंध मी जपून ठेवावयास हवा होता. साने गुरुजींनी मुलांसाठी रोज हाताने दैनिक लिहिले. आपल्याला इतके करणे नको. मुले आपल्या बोलीत जे लिहितील ते एका हस्तलिखितात, लाल शाई न लावता, उतरवून घेतले तरी पुरे. या मुलखातील वर्गाची कादंबरी उद्या कोणी लिहिलीच, तर ती त्या मुलांपैकीच कोणी लिहील. तोपर्यंत तिचा पहिला खर्डा आपल्या हातून खोडला जाऊ नये, एवढी काळजी घेणे आपल्या हाती आहे.