सुधाकराचे मौन

राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून दारूच्या दुष्परिणामांचे नाटक म्हणूनच आपण ते ओळखत आलो आहोत. ते खोटे नाही. तरी हे नाटक वाचताना माझे मन पहिल्या पेल्याच्याही अलीकडे घोटाळत राहते.

सुधाकर बुद्धिमान वकील आणि तितकाच मानी. भर कोर्टात खटका उडतो, सनद काही काळ हातची जाते. हे शल्य त्याने कोणापाशी उघड करावे? घरी जीव ओवाळून टाकणारी सिंधू आहे. पण ‘मला फार लागले गं’ एवढे चार शब्द बायकोपुढे उच्चारणे त्याच्या पुरुषपणात बसत नाही. कर्त्या पुरुषाने आधार द्यायचा, मागायचा नाही! तळीराम नेमका या फटीतून आत शिरतो. त्याच्यापुढे मन उघडे करावे लागत नाही. पेला उचलला की झाले.

आर्यमदिरामंडळाचे प्रवेश आपण पोट धरधरून हसत ऐकतो. पण त्या बैठकीत थट्टा आहे, कोट्या आहेत, वादही आहेत. शेजारच्याच्या दुखऱ्या जागेवर फुंकर घालणारा मात्र मला कोणी दिसत नाही. सुधाकर पुढे रामलालापुढे बोलतो आणि बिनतोड बोलतो. पण बोलतो ते मद्यपी माणसाच्या अवस्थांविषयी. पुरुषाला व्याख्यान सोपे जाते, गाऱ्हाणे जड जाते, हे गडकऱ्यांनी किती अचूक हेरले आहे!

गडकऱ्यांशी माझे भांडण आहे ते सिंधूवरून. तिच्या सोशिकपणाची त्यांनी इतकी आरती ओवाळली, की नवऱ्याच्या मौनाला जाब विचारणारे नाटकात कोणी उरलेच नाही.

आणि गंमत पाहा. पहिल्या प्रयोगांत सुधाकर होते गणपतराव बोडस आणि सिंधू होते बालगंधर्व. रंगमंचावर दोघेही पुरुषच! समोरचे फेटेवाले प्रेक्षक ज्या हळवेपणाने विरघळत, तो एका पुरुषाच्याच गळ्यातून येत होता. मात्र त्यासाठी त्याला लुगडे नेसावे लागत होते.

आज स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करतात. पण धोतर जाऊन पँट आली, तरी सुधाकर घरोघर आहेच. यंदा फराळाला मंडळी जमली, की सर्वांची विचारपूस करणाऱ्या त्या कर्त्या पुरुषाला कोणीतरी बाजूला घेऊन विचारावे, ‘तुझे कसे चालले आहे?’ तो ‘उत्तम!’ म्हणेल. तेवढ्यावर उठू नये, थोडे बसावे.