चौकट आली म्हणजे ओळख पटली?

मोबाइलचा कॅमेरा वस्तूवर धरला की स्क्रीनवर चौकट येते, शेजारी नाव आणि समजा '९२%'. हा आकडा म्हणजे उत्तर बरोबर असण्याची शक्यता, असं तुम्ही धरून चालता ना? गोची तिथेच आहे. अनेकदा तो सॉफ्टमॅक्सचा आकडा असतो, म्हणजे मॉडेलला माहीत असलेल्या वर्गांमध्येच १०० टक्के वाटून टाकलेले. यादीत फणस नसेल, तर त्याला दुसरंच नाव मिळतं, तेही कधी कधी अगदी ठामपणे. आधुनिक न्यूरल नेटवर्क फाजील आत्मविश्वास दाखवतात, हे ग्वो आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्येच मांडलंय. त्यामुळे अशा इंटरफेसवरचा पेपर वाचताना नुसती अचूकता आणि वेळ बघू नका. चुकीचं नाव आलं तेव्हा वापरणाऱ्याला ते कळलं का, हे मोजलंय का बघा. नसेल, तर तुमचा संशोधन-प्रश्न तिथेच आहे.