‘ययाति’ : आत्मचिंतनाचे व्याकरण

संस्कृतातील ‘आत्मन्’ या शब्दाने मराठीत येताना दोन वाटा धरल्या. तत्सम ‘आत्मा’ दर्शनग्रंथांच्या परिभाषेत स्थिरावला. प्राकृतातील ‘अप्पण’ या रूपावाटे आलेला ‘आपण’ मात्र घरादारात वावरत राहिला. खुद्द संस्कृतात हा एकच शब्द उपनिषदांतील परमतत्त्वाचा वाचक होता आणि ‘स्वतः’ या अर्थी साधे सर्वनामही होता. म्हणून भारतीय तत्त्वज्ञान एखाद्या लेखकाला आत्मपरीक्षणाचे साधन म्हणून कितपत उपयोगी पडले हे ठरविताना, त्याच्या लेखनात ‘आत्मा’ किती वेळा आला यापेक्षा त्याच्या वाक्यांचा कर्ता कोण आहे, हे पाहणे अधिक फलदायी ठरते.

समर्थ रामदासांच्या ‘मनाच्या श्लोकां’त ही व्यवस्था उघड दिसते. भुजंगप्रयात वृत्तातील या दोनशे पाच श्लोकांत संबोधनाचे रूप ‘मना’ असे आहे. बोलणारा आणि ऐकणारा एकाच देहात वसतात. त्यामुळे आज्ञार्थी क्रियापदे असूनही तो उपदेश परक्याचा वाटत नाही. श्लोक म्हणणारा प्रत्येक जण आपल्याच मनाला ‘तू’ म्हणत असतो.

वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’कडे या दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही. १९३८ पासून कोल्हापुरात राहिलेल्या खांडेकरांची ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. पुढे १९७४ च्या ज्ञानपीठ पुरस्कारामुळे तिचे नाव मराठीबाहेरही गेले. आदिपर्वातील कथा घेऊन खांडेकरांनी तिचे निवेदन ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांच्या मुखी घातले. तिघेही ‘मी’ म्हणून बोलतात. कच मात्र निवेदक नाही. कादंबरीतील संयमाचा सारा विचार ज्याच्या ठायी एकवटला आहे, त्यालाच स्वतःचा ‘मी’ नाही!

यातील अडचण केवळ तंत्राची नव्हे. आदिपर्वात तृष्णा भोगाने शमत नाही हा बोध ययातीच्याच तोंडी येतो, आणि तोही पुरूचे तारुण्य घेऊन सहस्र वर्षे भोग घेतल्यानंतर. तेथे सिद्धान्त हा अनुभवाचा शेवट आहे. खांडेकरांच्या कादंबरीत तो कचापाशी आधीपासून तयार असतो. विरक्तीचे टोक गाठलेला यति आणि भोगात बुडालेला ययाति यांच्यामध्ये कच उभा आहे. आकृती म्हणून ही रचना सुरेख, परंतु आकृतीतील मध्यबिंदूला मनःसंघर्ष नसतो. अखेरीस ययाति बोलू लागतो तेव्हा तोही पुरूला पुरुषार्थांविषयी उपदेश करतो. म्हणजे ‘मी’कडून अपेक्षित असलेला कबुलीजबाब ‘तू’ला उद्देशून केलेल्या बोधात रूपांतरित होतो, आणि त्या बोधाची भाषा कचाची असते.

याला उत्तर असे देता येईल की खांडेकरांना स्वातंत्र्योत्तर काळातील सुखलोलुप समाजाशी बोलायचे होते आणि समाजाशी बोलायचे तर उपदेश अटळ आहे. हे मान्य केले तरी ज्या लेखकाने प्रथमपुरुषी निवेदन जाणूनबुजून निवडले, त्याने त्या निवडीची किंमतही मोजावयास हवी होती.

ती काही अंशी शर्मिष्ठेच्या निवेदनात मोजली गेली आहे. राजकन्या असून दासी होणे, गुप्तपणे माता होणे, लहानग्या पुरूला घेऊन रात्री नगर सोडणे, या प्रसंगांत तिला परिभाषेचा आधार फारसा घ्यावा लागत नाही. आपण केलेला त्याग कितपत खरा आणि कितपत प्रेमाच्या ओढीचा, हा प्रश्न तिच्या जीवनकथेतच गुंतलेला आहे. कचाविषयी तिला आदर आहे. परंतु तिचे दुःख ती त्याच्या शब्दांत सांगत नाही. देवयानीला हे साधत नाही, कारण तिच्या बोलण्यात दोषाचा कर्ता बहुधा दुसराच कोणी असतो. ‘ययाति’च्या अभ्यासकांनी कचाच्या वचनांची संकलने करण्यापेक्षा शर्मिष्ठेच्या भागांतील सर्वनामांकडे लक्ष दिले, तर या कादंबरीतील तत्त्वचिंतन नेमके कोठे जिवंत आहे हे अधिक स्पष्टपणे हाती लागेल.